दार वाळतंय

१

मंगळवारी आम्ही दारं सोलतो.

नवख्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग आमच्याकडे जरा सांभाळून बघायला लागतो. पण आमच्या गावच्या दफ्तरखान्यात हे काम वर्षानुवर्षं चालू आहे. आमच्याकडच्या जुन्या जपानी घरांतली सरकती दारं म्हणजे लाकडी पट्ट्यांची जाळी आणि तिच्यावर थरावर थर चिकटवलेला कागद. वरचा कागद शोभेचा. खालच्या थरांसाठी मात्र चांगला कागद कोण घालवणार? घरातली रद्दीच कामाला यायची. तांदळाचे हिशेब, देवळाच्या पावत्या, शाळेच्या वह्या, पत्रं. घर पाडायला निघालं की लोक कपाटं आम्हाला दाखवतात आणि दारं जाळून टाकतात. माणसांचं खरं आयुष्य त्या दारांत असतं, हे त्यांना पटवता पटवता माझे केस पांढरे झाले.

आमची खोली म्हणजे बंद पडलेल्या शाळेचा स्वयंपाकाचा वर्ग. तिथे पाणी आहे, गॅसच्या शेगड्या आहेत, लांब टेबलं आहेत. पाण्याचा फवारा मारायचा, थांबायचं, खळ सैल झाली की बांबूची पातळ पट्टी सारून कागद उचलायचा. मग तो फळीवर कडांनी चिकटवून वाळवायचा. वाळताना कागद ताणला जातो आणि मधूनच 'टक' असा आवाज येतो. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडत असलं की खोलीत दुसरा आवाजच नसतो. माझ्या मदतीला येतात त्या ताकिनामी काकू. त्या एकदा म्हणाल्या होत्या, "म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांसारखे वाजतात मेले."

इसुरुगी घराण्याचं दार आलं त्या मंगळवारी फळ्या रिकाम्या होत्या. आदल्या आठवड्यातले कागद काढून पेट्यांत ठेवले होते. काकू चहा ओतत होत्या.

टक.

"काय वाळत घातलंय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही."

आम्ही दोघींनी दाराकडे पाहिलं. भिंतीला टेकवून ठेवलेलं, अजून हातही न लावलेलं दार. त्याच्यात शेवटची खळ पडली त्याला साठेक वर्षं तरी झाली असावीत.

"गारठ्यातून आत आणलं ना," मी म्हटलं. "लाकूड फुगतंय."

लाकडाचा आवाज वेगळा असतो. तो मला चांगला माहीत आहे. पण चहा निवत होता.

२

दार ज्यांचं होतं त्या सेत्सुआजींना भेटायला मी वृद्धाश्रमात गेले. वय एकोणनव्वद, इसुरुगींच्या घरातलं शेवटचं माणूस. अंगाने एवढीशी, पण जिभेला धार.

"तूच का ती दारं सोलणारी? मला वाटलं कुणी धिप्पाड बाई असेल."

"शिनो म्हणतात मला."

"बस, शिनो. ती खुर्ची नको, तिच्यावर पलीकडचा म्हातारा सांडतो."

मग त्यांना काय हवंय ते त्यांनी मला सांगितलं. आडवळण नाही, काही नाही. त्या पाच वर्षांच्या असताना त्यांची आई घर सोडून गेली. आईचं नाव इने. का गेली, कुठे गेली, कुणी सांगितलं नाही. आजी, म्हणजे इनेची सासू, एवढंच म्हणायची, 'गेली. साधं एक पत्रसुद्धा नाही पाठवलं.' सेत्सुआजी मोठ्या झाल्यावर ओसाकाला जाऊन आल्या, गिरण्यांतून, खाणावळींतून फिरल्या, आईच्या माहेरच्या गावी बर्फातून चालत गेल्या. कुठेच पत्ता लागला नाही.

"पण आजी खोटं बोलायची," त्या म्हणाल्या. "पत्रं आली असणार. आलेला कागद ती फेकायची नाही. चिंधीसुद्धा फेकायची नाही. दरवर्षी वर्षअखेरीला दाराला एक थर चढवायची. सगळ्या दारांना नाही बरं का. त्या एकाच. जाड होऊन ते खोबणीत अडकायला लागलं तर सुताराकडून खोबण रुंद करून घेतली, पण थर काही थांबला नाही."

"ते दार कुठल्या खोलीचं?"

"माझ्या निजायच्या. माझं अंथरूण त्याला लागूनच असायचं. रात्री त्यातून आवाज यायचा, टक, टक. मी रडले की आजी म्हणायची, 'दार वाळतंय. झोप.'"

मी हसले. मला माझा मंगळवारचा चहा आठवला आणि हसू जरा लवकर आटोपलं.

"आई गेली त्या हिवाळ्यात आजीनं तिचं होतं नव्हतं ते सगळं लिहिलेलं दारात घातलं," सेत्सुआजी सांगत होत्या. "तिच्या अक्षराच्या वह्या, लोणच्याचं प्रमाण, सगळं. म्हणे कागद फुकट कशाला घालवायचा. तो पहिला थर." मग त्या स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाल्या, "का आधी दार झालं आणि मग आई गेली? तेवढं मला आठवत नाही बघ."

निघताना त्यांनी मला कागदांची एक जाडजूड गुंडाळी दिली. आश्रमात आठवड्यातून एकदा कुंचल्याने अक्षरं काढायचा वर्ग असतो, त्यातले सरावाचे कागद. 'पहिलं बर्फ', 'शांत मन' असले शब्द, आणि प्रत्येकावर डाव्या कोपऱ्यात नाव, सेत्सु.

"चांगला हातकागद आहे. तुमच्या कामाला लागतात ना जुने कागद? टिपायला वापर. आणि शिनो, जरा भरभर सोल. मला काही फार वेळ नाही."

३

वरच्या थरांत नेहमीचंच निघालं. कोळशाच्या पावत्या, बियाण्यांची पाकिटं, आगीपासून सावध राहा म्हणून सांगणारं पत्रक. मग एका दुपारी काकूंनी हाक मारली.

"शिनो सान, हे बघा. पोरीला लिहिलंय."

बायकी, तिरपं, घाईचं अक्षर. *सेत्सु, जेवलीस का? इथे थंडी आहे. काल तू पांघरूण लाथाडलंस. माझा हात पोचला नाही.*

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण माझी नजर भलतीकडेच गेली होती. त्या कागदाला घडी नव्हती. पाकिटात गेलेलं पत्र घडीशिवाय जात नाही. शंभर वर्षं पाण्यात भिजलं तरी घडीची रेघ राहते, आम्ही तिच्यावरूनच पत्र ओळखतो. हा कागद आयुष्यात कधीच दुमडला गेला नव्हता.

गुंडाळी करून कुणाच्या हातून पाठवला असेल, असं मी नोंदीत लिहिलं. 'पांघरूण लाथाडलंस' याचं उत्तरही सोपं होतं. दूरच्या आया अशीच पत्रं लिहितात. लेकरू झोपेत काय करतं हे त्यांना पाठच असतं.

नक्कल घेऊन मी सेत्सुआजींना वाचून दाखवलं. त्यांनी ती दोनतीनदा वाचायला लावली. मग तोंडावर हात धरून लहान मुलीसारख्या हसल्या.

"लाथाडायचेच मी पांघरूण! अजूनही लाथाडते. इथल्या नर्सला विचार, कावते माझ्यावर." आणि मग हळूच म्हणाल्या, "ती लिहीत होती बघ. आयुष्यभर मी तिला मनातून बोल लावत आले."

त्या दिवशी बर्फातून परत येताना मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला, ते लपवत नाही. एका म्हातारीला तिची आई परत मिळत होती, आणि ती मी मिळवून देत होते.

४

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक थरात इनेचं एखादं पत्र निघू लागलं. एकालाही घडी नाही, तारीख नाही, गावाचं नाव नाही. *आज तू पडलीस, आवाज आला. सासूबाई तुला भात कमी वाढतात. तुझं अंथरूण थोडं इकडे सरकव.* मी वाचून दाखवायची आणि सेत्सुआजी टवटवीत होत जायच्या. मी मात्र रात्री नीट झोपेनाशी झाले. ओसाकाच्या गिरण्या पालथ्या घालणाऱ्या त्या मुलीची मला सारखी आठवण यायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मनात आलं आणि मी ते झटकून टाकलं.

खळीचंही काहीतरी बिघडलं होतं. वरचे थर सोलायला पाणी लागायचं. खाली खाली पाणी लागेना. आपोआप सुटायचे. खळ ओली होती. मी बोटाने पाहिली, वास घेतला. जुन्या खळीला कुबट, धान्याच्या कोठारासारखा वास येतो. हिला नुकत्याच शिजवलेल्या खळीचा वास होता आणि ती किंचित कोमट होती.

"तुम्ही फवारा जास्त मारता," मी काकूंना म्हटलं.

"मी?" काकू भडकल्या. "फवाऱ्याची बाटली सकाळपासून तुमच्या हातात आहे, बाई!"

खरंच माझ्याच हातात होती.

शेवटून दुसऱ्या थरात पत्र निघालं, *तुझा खोकला म्हातारीसारखा येतो गं. औषध घेतेस ना?* लहानपणी सेत्सुआजींना डांग्या खोकला झाला असणार. तसं मी ठरवलं, आणि आश्रमात गेल्यावर त्यांना विचारलंही.

"छे. लहानपणी मी कधी खोकलेच नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांना जोराची उबळ आली. आठवडाभर खोकत होत्या म्हणे. उबळ ओसरल्यावर त्यांनी माझा हात धरला. "शिनो, आता किती थर राहिले?"

"एकच. लाकडाला लागलेला."

"त्यात असेल बघ, ती कधी येते ते."

५

सगळ्यात आतल्या थराला आमच्या कामात हाडबंध म्हणतात. जाळीची हाडं तो धरून ठेवतो. इसुरुगींच्या दाराचा हाडबंध आजींनी सांगितला तसाच निघाला, इनेच्या वह्यांची पानं. एकच अक्षर पन्नासदा गिरवलेलं. लोणच्याचं प्रमाण. तिचं नाव.

तो एका अखंड तुकड्यात सुटून माझ्या हातात आला, आंघोळ घातलेल्या बाळासारखा ओला. मी तो उलटा केला. मागच्या बाजूलाही लिहिलेलं होतं. म्हणजे दाराच्या पोकळीकडे तोंड असलेल्या बाजूला. शाई पाण्यात पसरली होती, काही वाचता येईना. पण एक गोष्ट दिसली. अक्षरांचे फटकारे कागदाच्या कडेवरून खाली उतरून जाळीच्या लाकडावर गेले होते. कागद आधी चिकटवलेला होता. लिहिणाऱ्याने मागाहून लिहिलं होतं. आतून.

मी पोकळीत वाकून पाहिलं. तीन बोटांची जागा, पलीकडे दुसऱ्या अंगाचा साधा पातळ कागद. काही नव्हतं. धूळसुद्धा नव्हती. बंद दारात ऐंशी वर्षांची धूळ मूठभर तरी निघते, मी कितीतरी दारं उघडली आहेत. हे आतून झाडून ठेवलं होतं.

"काय आहे?" काकूंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. भीत्यापाठी ब्रह्मराक्षस. मी दफ्तरखान्यात काम करते, देवळात नाही. ओला कागद फळीवर चढवला. वाळून वाचता येईपर्यंत दोनतीन दिवस जाणार होते.

आता जाळीचं बघायचं होतं. नागडी जाळी तशीच ठेवली तर हिवाळ्यात वाकडी होते, म्हणून आम्ही तिच्यावर लगेच कामचलाऊ कागद चढवतो. त्याआधी लाकडावर नोंदीची चिठ्ठी चिकटवायची. ही माझ्या हाताची सवय आहे. पेन्सिल घेतली, घराण्याचं नाव, दाराची जागा आणि सोलणारीचं म्हणजे माझं नाव लिहिलं आणि खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावून टाकली.

"रद्दी संपली," काकू कपाटात डोकं घालून म्हणाल्या. "ही गुंडाळी घेऊ का? बरा कागद दिसतोय."

"घ्या," मी म्हटलं. मी खळ ढवळत होते. मागे वळून पाहिलंही नाही.

दोघींनी मिळून भराभर कागद चढवले. 'पहिलं बर्फ', 'शांत मन'. शेवटचा कागद कुंचल्याने दाबताना माझी नजर डाव्या कोपऱ्यातल्या नावावर गेली, पण तेव्हा मला एवढंच वाटलं की आजींना हे सांगितलं तर गंमत वाटेल.

६

दोन दिवसांनी आश्रमातून फोन आला. सेत्सुआजी दुपारच्या झोपेतच गेल्या.

मी गेले. मला फार रडू आलं. शेवटचं पत्र वाचायचं राहिलं होतं ना. नर्स चांगली मुलगी होती, पण तिला माझ्याशी काहीतरी बोलायचं होतं.

"रागावू नका हं, पण तुम्ही त्यांना ते चिकटवायचं सामान आणून दिलं होतं का?"

"कसलं सामान?"

"त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट होते हो. नखांत, केसांतसुद्धा. पेजेसारखं काहीतरी. आम्ही कोमट पाण्याने पुसलं." तिने आवाज खाली केला. "आणि पांघरूण. त्या नेहमी लाथाडायच्या, तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवशी हनुवटीपर्यंत घेतलेलं होतं. कडा सगळ्या बाजूंनी नीट आत खोचलेल्या. आमच्यापैकी कुणीच नाही केलं. सगळ्यांना विचारलं मी."

मी तिथून सरळ दफ्तरखान्यात आले. वर्गात कुणी नव्हतं. फळीवरचा कागद वाळला होता, शाई जागच्या जागी बसली होती. मी कोट न काढताच वाचलं.

*हात पोचत नाही. तुझ्या हातचं काही इकडे असतं, तर मला धरता आलं असतं.*

७

ही गोष्ट मी काकूंना सांगितलेली नाही. सांगून काय करणार? कागद चढवले दोघींनी, पण 'घ्या' म्हटलं मी.

खळ एका दिवसात वाळते. फार तर दोन. आजींच्या अंत्यविधीनंतरच्या मंगळवारी मी काकूंच्या आधी पोचले, तेव्हा दार वाजत होतं. टक. जरा थांबून, टक. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि अंगणातल्या बर्फावरून उजेड उलटून खोलीत येत होता. दार खिडकीपाशी उभं होतं. दोन्ही अंगांना आता पातळ कागदच होता, त्यामुळे ते उजळून निघालं होतं, जाळीची हाडं काळी दिसत होती.

वरच्या बाजूला कागद ओला झाला. वरून खाली, सावकाश, कुंचल्याच्या रुंदीचा एक पट्टा. सराईत हाताचा. तो संपला की त्याच्या शेजारी दुसरा. आणि खूप खाली, माझ्या मांडीच्या उंचीला, आणखी एक ओला पट्टा उमटत होता. तोकडा, वाकडा, मधेच थांबणारा. लहान मूल मोठ्यांचं बघून करतं तसा. वरचा हात थांबला. खालच्यापाशी आला. त्याने तो वाकडा पट्टा हलकेच सरळ केला.

मी श्वास सोडला असेन. दोन्ही थांबले.

मग खालच्या कोपऱ्यात, जिथे लाकडावर चिठ्ठी आहे तिथे, कागद ओला व्हायला लागला. आतून कुणीतरी चाचपत होतं, अंधारात भिंतीवर बटण शोधतात तसं.

काकूंच्या पावलांचा आवाज आला आणि सगळं दार कोरडं दिसायला लागलं.

त्या दिवसापासून मी हाताने काही लिहीत नाही. नोंदी टाइप करते. घरातल्या जुन्या वह्या, पत्रं, आईला लिहिलेली, नवऱ्याला लिहिलेली, सगळी परसात नेऊन जाळली. मी! दुसऱ्यांची रद्दी आगीतून ओढून काढण्यात जिचा जन्म गेला ती. पण ती चिठ्ठी राहिली. ती माझ्या अक्षरात आहे, तिच्यावर माझं नाव आहे, आणि ती सेत्सुआजींच्या कागदांखाली आहे.

ती काढायची तर आधी ते कागद सोलावे लागतील. एकही तुकडा मागे न ठेवता. आयुष्यभर जिने आईला शोधलं, तिला मी त्या हातातून सोडवून कुठे ठेवू? पेटीत? दर मंगळवारी मी बांबूची पट्टी हातात घेऊन दारासमोर उभी राहते. मला भीती वाटते, ती वाटतेच. पण तो वाकडा पट्टा सरळ करणारा हात डोळ्यांपुढून हलत नाही, आणि मी पट्टी परत खणात ठेवते.

परवा दुपारी घरी जरा डोळा लागला. जाग आली तेव्हा पांघरूण हनुवटीपर्यंत आलेलं होतं, कडा आत खोचलेल्या. मी एकटी राहते. हात धुवायला गेले तर बोटं एकमेकांना चिकटत होती.

आज काकू चहा ओतता ओतता म्हणाल्या, "अहो शिनो सान, ते इसुरुगींचं दार उचलून ठेवूया का आता कोठीत? किती दिवस उन्हात ठेवायचं? वाळलं असेल की."

टक.

"राहू दे," मी म्हटलं. "वाळतंय अजून."